आडव्या बाटलीची रांग

—न्हाई न्हाई शालूबाई, विरोध कुठं हाय माझा? दारूचं दुकान बंद व्हावं असं गावात पहिल्यांदा बोललं कोण? मीच! हापशावर, चार बायांदेखत. तुमच्या अर्जावर सही बी केली ना? केली. मग! बसा जरा, उभ्या उभ्या काय घाई करून राहिल्या. पाचपर्यंत चालतं ना मतदान? — साडेचार झाले? होऊ द्या. शाळा काय पळून चालली!

माहीत हाय हो मला — गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला तरच दुकान उठतं, अन् जी घरी बसली तिनं दुकान चालू ठेवा म्हटल्यासारखंच. कालपासून तुमचा भोंगा हेच सांगून राहिला. पण एक इचारू? मत गुप्त म्हणता, अन् शाळेच्या फाटकासमोर मुंजाजी खुर्ची टाकून बसलेला! दुकान त्याचं. दुकान चालू राहावं वाटते त्या बाईला घराबाहेर पडायची गरजच काय? मग रांगेत दिसली ती बाई आडव्या बाटलीची, त्याला शिक्का पाहावा लागतच न्हाई. गुप्त काय राहिलं त्यात? अन् जीप कुणाची? मुंजाजीची. चालवतो कोण? आमचा भागवत. गोरेगाव-हिंगोली, रोजच्या फेऱ्या. उद्या चावी काढून घेतली तर? — तुमचे मालक मास्तर हायेत, तुमाला बोलाया काय जातं! रागावू नका. खरं ते बोलले.

आमची सून? आत हाय, भाकरी करून राहिली. ती न्हाई यायची. काहून म्हणजे? बरं न्हाई तिला — डोळा सुजला, हापशाचा दांडा लागला रात्री. आता रात्री हापशावर काहून गेली ते मला काय माहीत! — असं पाहू नका ना माझ्याकडं. तसा लई गरीब हाय हो भागवत माझा. प्याला की मग त्याला आपलं-परकं कळत न्हाई — मी पडले होते मधी, हे पाहा मनगट. म्हणून तर म्हणते, बंद व्हावं, बंदच व्हावं ते दुकान! तुमी इतक्या जणी हायेत, आमा दोघींवाचून काय अडतं?

—आरोही? तवा उतरवला का गं? अन् ही साडी काहून नेसली? कुठं निघाली? अगं, मुंजाजी समोरच बसला, तो भागवतला सांगन, अन् मग भागवत — बरं, सोडते. सोडते हात. पण थांब. माझं ऐक, पदर घे. पुरता घे, तोंड झाकून जा.

मी? मी भाकरी बघते, करपून राहिली. तुमी व्हा ना शालूबाई, व्हा बाहेर! अन् तिच्यासंगं चालू नका, ओळखू येईल ती.