पंख्याचा खटका

आम्ही मूळचे उज्जैनचे. बाबा कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि आम्हाला घेऊन भोपाळला आले, टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं, मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू तिथेच वाढलो, आणि पुढे मीसुद्धा त्याच कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर झाले. लग्न नाही केलं. का नाही केलं ते सोडा, ते सांगायला नाही बसले मी आज. आज पंख्याचं सांगते, कारण डोकं अजून तापलेलं आहे माझं.

तो पंखा म्हणजे काय सांगू तुम्हाला, साहेब लोकांच्या क्लबातून जुना म्हणून काढून टाकलेला, काळा, लोखंडी बुडाचा, पितळेच्या पात्यांचा, बाबांनी तो मागून घेतला, सायकलला बांधून घरी आणला, स्वतः वाइंडिंग केलं, तेव्हापासून तो त्यांच्या उशाशी. रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं, अयोध्या नगरात घर घेतलं, तिथेही तो आला. मग बाबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजतं सगळं, हो न, सगळं समजतं, फक्त शब्द येत नाही, नुसता आवाज येतो.

आता या पंख्याला खाली स्पीडचा खटका आहे, एक, दोन, तीन. तीनवर बाबांचा श्वास कोंडतो, एकवर घाम निथळतो, दोनवर ते झोपतात. आणि नेमका दोनवरच खटका थांबेना. आतली पत्ती झिजून गेलेली, ठिणग्या उडायच्या, मी काडी खोचून अडकवून ठेवायचे. नंदू पुण्याहून आला, वर्षातून चार दिवस येतो तो, त्यानं ठिणगी पाहिली, म्हणाला, ताई, आग लागेल घराला. खरं होतं ते, मी नाही म्हणत नाही. पण मी औषधं आणायला दवाखान्यात गेले, तिथल्या रांगेत अर्धा दिवस गेला, तेवढ्यात यानं एसी बसवून घेतला आणि पंखा कबाड्याला, भंगारवाल्याला हो, देऊन टाकला. मी आले तर बाबा ओरडून राहिलेत, डोळ्यांतून पाणी चाललंय, आणि हा मला सांगतो, ताई, त्यांना भूक लागलीय वाटतं, कधीचे ओरडतायत. भूक लागलीय. माणसाच्या डोळ्यांदेखत त्याची वस्तू उचलून नेली आणि म्हणे भूक लागलीय.

मी चप्पल न काढता तशीच गेले कबाड्याकडे. तो म्हणाला, बहनजी, बस खोलने ही वाला था. रिक्षात घालून परत आणला. नंदू म्हणाला, भंगारात दिलेली वस्तू परत आणली, लोक काय म्हणतील. मी एसी बंद केला आणि पंखा बाबांच्या उशाशी नेऊन ठेवला. तो दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला.

मग आम्ही दोघं बसलो, दुपारची जेवणं झाल्यावर. मी जन्मात पेचकस, स्क्रू फिरवायचा तो, हातात धरलेला नाही. बाबा खाटेवर, पंखा त्यांच्यासमोर आडवा, बूड उघडलं तर आत सगळी काजळी. ते डाव्या हातानं दाखवणार, मला कळणार नाही, मग ते खाट बडवणार. मीही चिडले, म्हटलं, बाबा, ओरडू नका, मी एक्स्चेंजवर होते, वर्कशॉपमध्ये नव्हते. डब्याच्या पत्र्याची पत्ती कापून दिली तर त्यांनी बोटानं वाकवली, ती वाकली ती वाकलेलीच राहिली, फेकून दिली. शेवटी त्यांच्या जुन्या सामानात एक मोडका स्विच सापडला, त्यातली पत्ती दाबली की उसळून परत यायची. तीच हवी होती त्यांना. ती कापली, घासली, नटबोल्टनं बसवली, झिजलेली टोकं रेजमालच्या खरखरीत कागदानं घासून साफ केली. पिन लावली, आणि मी पंख्याला हात लावणार तोच बाबांनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी फुटली. टेस्टर दाखवला. लावून बघते तर पेटला, सगळ्या बुडात करंट. करंट बुडात उतरू नये म्हणून पत्तीखाली फायबरचा वायसर असतो, तो मी जमिनीवरच विसरले होते.

पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. दोनवर ठेवला, तिथेच राहिला. बाबांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले. मी तिथेच जमिनीवर बसून रडले, आनंदानं नाही, रागानं.

नंदूचा फोन आला तेव्हा म्हणाला, एवढं काय ताई, तसाच नवीन शोधून दिला असता. मी म्हटलं, नंदू, पुढच्या खेपेला आलास की आधी बाबांसमोर बस, विचार त्यांना, उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा थांब. त्याला लागलं ते. आता फोन येत नाही त्याचा.

हल्ली बाबांना दोन-तीन शब्द यायला लागलेत. पाणी म्हणतात, मंगल म्हणतात मला. नंदू अजून नाही आला जिभेवर, पण प्रयत्न करतात, मला दिसतं. देव त्याला सुखी ठेवो, त्याची पोरं मोठी होवोत, बापाचा आशीर्वाद आहेच त्याला. माझाही आहे म्हणा. फक्त राग गेला का विचाराल, तर नाही गेला, आणि जावा असं काही मला वाटत नाही.