टाकीचा उपास

रामनगरच्या स्टँडवर माझ्यामागे भाऊ-बहीण बोलत होते. भाऊ गोव्यातल्या हॉटेलात समुद्री माशांची मोठी टाकी सांभाळायचा.

“आक्का, उरलेलं खाणं कुजून पाण्यात नायट्रेट वाढतंय. मासे मरायला लागलेत.”

“मग पाणी बदल की.”

“बदलतोय. पण गिऱ्हाईकं दिवसभर पाव टाकत्यात. आता दर सोमवारी टाकीला उपास. कुणालाच टाकू देणार न्हाई.”

“मालक काय म्हणतोय?”

“गिऱ्हाईकांना अडवलंस तर घरी जा म्हणतोय.”

“मग?”

“अडवणारच. घर हाय की गावाकडं, गुंदला.”

“लखू, मुक्या जिवाला उपाशी ठेवतोस? पाप लागंल रे.”

“आणि खायला घालून मारल्यावर लागत न्हाई व्हय?”

माझ्या मांडीवर देवळाच्या तळ्यातल्या माशांसाठी रोजच्या नेमाचे चुरमुरे होते. बस यायच्या आधी त्यातले अर्धे मी चिमण्यांना टाकले.