पुढे बसलेल्यांसाठी इंग्रजीतून

हॅलो?… हॅलो, लियान?… हो, मीच… अगं जोरात बोल, पर्थहून नीट ऐकू येत नाहीये… नाही, नाही, मा बरी आहे. एकदम बरी आहे. आधी तू श्वास घे.

काल? हो, बघितलं मी, सारखा फोन करत होतीस. घरी नव्हतोच आम्ही… आम्ही म्हणजे मी आणि मा… हो, मा! बाहेर. स्वतःच्या पायांनी… मी कशाला थापा मारू? पा गेल्यापासून जी बाई लिफ्टपर्यंत आली नव्हती, ती काल संध्याकाळी चपला घालून दारात उभी!

सांगते ना. ऐक. खाली मैदानात मांडव घातलाय… अगं कसला म्हणजे? सातवा महिना चालू आहे, बाई! गेलेले लोक परत येतात, त्यांच्यासाठी गाणं-बजावणं. ऑस्ट्रेलियात राहून हेही विसरलीस?… बरं, बरं. तर मी स्वयंपाकघरात पेज ढवळत होते. खालून माईकवर कोणीतरी बोलायला लागलं. मा खिडकीशी गेली. म्हणाली, “हा आवाज आपल्या घरातला आहे.” मी पळी टाकून तिच्यामागे धावले.

ओळख कोण… नाही… नाही गं, गायक नाही… ऑस्कर! ऑस्कर थाम!… हो, तोच! रविवारी टीव्हीवर विनोद सांगायला यायचा, चकाकता निळा कोट घालून. एक वाक्य मँडरिनमध्ये, लगेच तेच इंग्रजीत, मध्ये श्वाससुद्धा न घेता… जिवंत आहे म्हणजे काय, तुझं आपलं काहीतरीच!… म्हातारा झालाय. केस गेले. कोट तसलाच आहे, पण पोटावर बटण लागत नाही.

हो ना… हो… मलाही तेच आठवलं. पा आरामखुर्चीत, मा खाली चटईवर शेंगा सोलत. दोघांना एकत्र हसताना आपण तेव्हाच बघितलं. एरवी कुठलं हसणं? पांना चिनीचा गंध नाही, माला इंग्रजीचा नाही. दोघांचा संसार त्या बाजारातल्या मोडक्या मलय भाषेवर. तेवढ्यात मीठ मागता येतं, भांडताही येतं एकवेळ. विनोद कसा करणार?

काय?… हो, हो! चिडवायचेच पा तिला! ऑस्कर आधी चिनीतून सांगायचा, तरी मा हसायची ती पांच्याबरोबरच. “तुझ्या भाषेत आधी सांगितलं तरी तुझी ट्यूब माझ्याबरोबरच पेटते!”… आपणही खिदळायचो. खिदळायचो ना?… असो. पुढचं ऐक.

गेलो खाली. मांडव गच्च. पहिली रांग तेवढी मोकळी, लाल खुर्च्या मांडलेल्या… नाही, कोणी बसलं नव्हतं, कोण बसेल? ती रांग गेलेल्यांचीच. आम्ही दुसऱ्या रांगेत. ऑस्कर होक्कियनमधून, माच्या चिनी बोलीतून, सुरू. लोक टाळ्या पिटतायत. मग म्हणाला, “सगळे म्हणतात, ऑस्करला दोन भाषा येतात. एकदा घरी येऊन बघा. बायकोपुढे एकही येत नाही!”

हसलीस ना? मांडव तर लोटपोट. आणि मा? ताठ बसलेली. मी कानाशी जाऊन विचारलं, “मा, ऐकू येतंय ना?” तर ती उठलीच. अगं, उभी राहिली सगळ्यांच्या मध्ये! मी तिचा ब्लाउज धरून खाली ओढतेय, ऐकेल तर शपथ. म्हणाली, “अहो ऑस्कर! इंग्रजीतून पण सांगा ना. आमचे हे पुढे बसलेत. त्यांना चिनी येत नाही.”

नाही, कोणी हसलं नाही. मागून कोणीतरी खोकलं तेवढं. मला वाटलं, आता हा काहीतरी कोटी करणार आणि मा सगळ्यांसमोर… नाही गं. ऐक तर. वाजवणाऱ्यांना त्याने हाताने थांबवलं. मंचाच्या कडेला आला. माला विचारलं, “नाव काय त्यांचं?” मा म्हणाली, “हर्बर्ट.” तिच्या तोंडून पांचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते “हेल्बट” असं काहीसं आलं.

मग तो वाकला. त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे, लियान, कमरेत वाकला. म्हणाला, “गुड ईव्हनिंग, मिस्टर हर्बर्ट. उशीर झाला, माफ करा.” आणि तोच विनोद इंग्रजीतून सांगितला. घाईघाईने उरकला नाही. ‘बायको’ या शब्दाआधी तसाच थांबला, भुवई तशीच वर.

आणि मा हसली… हो. मोठ्याने. तोंडावर हात न ठेवता… मग? मग हसता हसता बसली खाली आणि रडायला लागली. थांबेचना. शेजारच्या अनोळखी बाईने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. मला सुधरत नव्हतं काय करावं, मी तिची चप्पलच हातात धरून बसले, निघाली होती पायातून.

हो… माहितेय. पांना नेलं तेव्हा डोळ्यांतून टिपूस नव्हता तिच्या. तू म्हणालीस ना तेव्हा, “माला काही वाटतच नाही”… म्हणालीस गं. दारातच म्हणालीस, तिने ऐकलं… नाही, आता ते नको उगाळू. ऐक, खरी गोष्ट पुढेच आहे.

घरी येताना मी लिफ्टमध्ये विचारलं, “मा, विनोद तर तुला होक्कियनमध्येच कळला होता. मग?” म्हणाली, “मला नेहमीच आधी कळायचा.” मी म्हटलं, “मग तेव्हा हसायची का नाहीस?” तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मीच खुळी. म्हणाली, “त्यांचं इंग्रजी यायचं असायचं ना अजून. एकटीने काय हसायचं?”

लियान?… लियान, बाळा… रड, रड. मीसुद्धा रात्रभर तेच केलंय. इतकी वर्षं दर रविवारी ती हसू दाबून बसायची आणि आपण तिला मठ्ठ समजलो.

हं?… आहे ना, इथेच आहे. भांडी घासतेय. सकाळी खारवलेलं अंडं घालून दोन वाट्या पेज खाल्ली… नाही, रागावलेली नाहीये तुझ्यावर. मला नाही माहीत, तूच विचार… घाबरतेस काय? आई आहे ती… थांब, देते.

मा! अगं मा, लियानचा फोन आहे!… राहू दे ती कढई. हात पूस… हे घे. धर. अगं उलटा धरलायस… हां, असा.

बोल ना… काय झालं?… ती रडतेय?… रडू दे तिला, मा. ठेवू नकोस. तू नुसती ऐकत राहा.