पाच नंबरचा जवाई

—नाई नाई, जानराव, उभ्यानं नाई बोलायचं. बसा. बाजेवर बसा, ती खुर्ची नका घेऊ, तिचा एक पाय ढिला हाये, अन् तुमी पडले तर रिठदले जाऊन सांगसान की मास्तरनं आधी पुतण्याले पाडलं, मंग काकाले पाडलं. पाणी घ्या. घ्या हो, पाणी पेल्यानं सोयरीक पक्की होत नाई अन् नाकारल्यानं मोडत नाई. — मोडाचीच हाये म्हणता? बरं, मोडा. तुळशीरामचे वडील गेल्यापासून तुमीच त्याचे बाप, तुमचा शब्द शेवटचा, हे मले मान्य हाये. पण मोडाले आलेल्या माणसानं कारण तं सांगाव का नाई? काय म्हणता — भर मैदानात जवायाच्या अंगाले हात लावला. हे कारण! पोट्टीचा रंग नाई, पत्रिका नाई, आमच्या घरात कोणाले दमा नाई — बास्केटबॉल! साखरपुडा झाला, वैशाखात लगन, अन् साऱ्या वऱ्हाडात पहिली सोयरीक फाऊलावरून मोडून राह्यली. मोठं नाव होईन आपलं दोघाचं.

तुमाले खेळ समजते का? तसं नाई, तुमी पहिल्या रांगेत गादीवर बसले होते, म्हणून विचारलं. हुतुतू पाह्यलेला माणूस हा खेळ पाहाले बसला की म्हणते, याच्यात कोणी कोणाले धरत नाई तं मजा काय? अन् धरलं की म्हणते, धरलं काहून? आयका आता. तुळशीरामच्या कॉलेजची, तुमची अकोल्याची टीम एका पॉइंटानं पुढं. खेळ सरत आला, टाइमवाला घड्याळातच घुसून राह्यला. अन् तुमच्या पोट्ट्यांनी काय केलं? बॉल घेतला अन् रिंगकडे पाहणंच सोडून देल्लं. हा त्याले दे, तो याले दे, पुन्हा हा त्याले दे — नागपूरले सेक्रेटरीएटात फाईल फिरते तशी. आमचे पोट्टे मधात धावू धावू अर्धे झाले. नियमात बसते म्हणा ते. बॉल किती वेळ हातात ठेवाचा याले काई सीमा नाई, पाहिजे तं पेरणीपर्यंत ठेवा. अन् तुमी गादीवरून टाळ्या वाजवून राह्यले होते — वा, काय शिस्त! शिस्त म्हणे! मंग म्या काय कराव? जाऊन म्हणाव का, की इवाई, सोयरे आपण, झालं असन तुमचं तं जरासक आमालेही द्या?

फाऊल कराचा, एवढा एकच रस्ता होता. फाऊल झाला की घड्याळ थांबते. ज्याले धरलं त्याले दोन मोकळे बॉल, म्हणजे फ्री थ्रो, टाकाले भेटतात — समोर कोणी नाई, आडवा कोणी नाई, फक्त रिंग अन् तो. टाकले तं त्याचं नशीब. चुकवले तं खाली पडणाऱ्या बॉलावर आपणही झडप घालू शकतो. मंग धराचं कोणाले? जो चुकवते त्याले. याले काई लय मोठं डोकं लागत नाई. अन् चुकवणारा कोण — आता पाणी घोट घोट घ्या, ठसका लागन — पाच नंबर. आमचे जवाईबापू. धावाले लागला तं हरणावानी, पण मोकळा बॉल हाती आला अन् चार लोकांनी पाह्यलं, की हाताचं लाकूड होते त्याच्या. मले कसं माहीत? आता घ्या! मी पोरगा पाहाले गेल्तो ना? तुमीच म्हणले होते, मास्तर, सारं पाहून घ्या, मागून बोल नको. पाह्यलं. वावर तुमी दाखवलं, विहीर तुमी दाखवली, कॉलेजचं मैदान म्या माझ्या मनानं पाह्यलं. कोणी सासरा जवायाचे दात पाहते, म्या फ्री थ्रो पाह्यला. अन् त्याच्यात नापास झालेल्या पोराले पोट्टी देल्ली — याच्यातच समजा, मले तो किती पसंत होता.

मंग म्या टाइम मागतला, खेळ थांबवला. पोट्टे जमले, म्या म्हणलं, पाच नंबरले धरा. सेवादास — तो आमचा तांड्यावरचा पोट्टा, ज्यानं धरलं तो — तो म्हणे, "मास्तर, ते तं तुमचे जवाई हायेत!" म्या म्हणलं, मैदानात जवाई नसते बाबू, नंबर असते. तरी त्याचं मन होईना. म्हणे, धरू कसं? म्या म्हणलं, नवरदेवाले घोड्यावरून उतरवतात, तसं धर. अन् तसंच धरलं, जानराव! कमरेले हात घातला, खाली बसवलं, वरून "लागलं तं नाई ना, जवाईबापू?" — म्हणूनही विचारलं. अहो, तुमच्या रिठदच्या वरातीत याच्याहून जास्त धक्के बसतात.

अन् आता एक गोष्ट सांगू? राग नका मानू. मानाचाच असन तं माना. तुमचा कोच काई वेडा नाई. त्याच टाइमात त्यानंही वळखलं होतं का मास्तर कोणाले धरीन. त्यानं तुळशीरामले बाहेर काढाचं ठरवलंच होतं — बाकावरच्या दुसऱ्या पोट्ट्याचा स्वेटर काढून झाला होता, म्या डोळ्यानं पाह्यला. माझा सारा डाव तिथंच बुडत होता. अन् तेवढ्यात गादीवरून कोण उठलं? कोण म्हणलं, "चार गाड्या जुंपून रिठद आलं, ते काय आमच्या पोराले बाकावर बसलेलं पाहाले?" हं? आठवते का? कोच बिचारा तुमच्या फेट्याकडे पाहे, पोराकडे पाहे, अन् त्यानं तो स्वेटर परत घालाले लावला. म्हणजे पाहा, माझ्या टीमीत सहावा गडी तुमीच होते. कप भेटला तवा तुमाले हार घालाचा राहून गेला, तेवढी चूक आमची.

रामराम? कोणता रामराम? — हां, तो. आता तोही गुन्हा झाला का? जवाई समोर दिसला तं पोट्टीच्या बापानं हात जोडाव, का तोंड फिरवाव? मी आपला माझ्या जाग्यावर उभा होतो. बरं, जाग्यावरून थोडासक सरकलो होतो. रिंगच्या मागं, बरोबर त्याच्या नजरेत. ऊन होतं तिकडं माझ्या बाकावर. नाई, पौषाचं ऊन कोणाले टोचते, हे तुमचं खरं हाये. पण उभा राह्यलो. त्यानं बॉल उचलला, रिंगकडे पाह्यलं, तं मी दिसलो. म्या टोपी नीट केली अन् वाकून रामराम घातला — "रामराम, जवाईबापू." बस. अन् त्यानं काय केलं मालूम हाये? दुसरं कोणी असतं तं पाह्यलंही नसतं. दोन हजार लोकं बोंबलून राह्यले, एका पॉइंटाची मॅच, पंचाच्या तोंडात शिट्टी — अन् या पोरानं बॉल पायापाशी ठेवला, दोन्ही हात जोडले अन् कमरेत वाकून म्हणला, "रामराम, मामाजी!" पंच म्हणे, अहो, बॉल टाका! मंग टाकला घाईघाईनं, तो फळीवरून पलीकडं, तिकडे बैल बांधले होते त्यांच्यात. दुसऱ्या बॉलाले म्या कायीच नाई केलं, शपथ. फक्त मोठ्यानं म्हणलं, "मनकर्णाबाई, जवाईबापूले पाणी पाठवा." घरवालीले म्हणलं मी, त्याले थोडीच म्हणलं! तोही चुकला. बॉल सेवादासच्या हाती पडला, तो तिथून सुटला तं थेट रिंगपाशी. खेळ खतम.

अहो, तो रामराम परत घालणारा पोरगा — जानराव, असा कुठं भेटते? मी वीस वर्सं पोट्टे खेळवून राह्यलो, जिंकणारे लय पाह्यले. पण तुमाले ते नाई दिसलं. तुमाले फक्त बॉल चुकला तेवढं दिसलं.

काय म्हणता? तुळशीराम तवापासून अन्नाले शिवत नाई? घरात तोंड दाखवत नाई, अपमान जिवाले लागला? काहून बाप्पा खोटं बोलता, काल तं दोन भाकरी अन् वांग्याची भाजी खाऊन गेला, वरून ठेचा मांगून घेतला —

काल म्हणजे… नाई, काल म्हणजे दुसरा एक पोट्टा. तुळशीरामच्याच अंगाचा. सायकलवर येते. — रिठदहूनच, हाव. — निळी सायकल, हाव, तुमचीच असन. आता विचारून राह्यलेच तं आयका, लपवाचं काय हाये त्याच्यात! संक्रांतीच्या सुट्टीत येऊन राह्यला तो. घरी रिसोडले जातो म्हणून सांगत असन, ते मले माहीत नाई. म्या नाई बोलावलं. मॅच झाली, तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेले उभा, मान खाली. म्हणे, "मामाजी, मले फ्री थ्रो शिकवा." म्या म्हणलं, तुमच्या कोचाले विचारा. तं म्हणे, तो शिकवते, पण मी चुकवतो ते तुमालेच माहीत हाये. आता अशा माणसाले काय सांगाव? शिकवून राह्यलो. तो टाकते, मी समोर उभा राहून रामराम घालत राहतो. आता नाई वाकत तो. तिथूनच मान हालवते अन् टाकते. अन् कोपराचंही सुधरलं, ते तं विजूनंच सांगतलं, का कोपर बाहेर जाते तुमचं —

विजू म्हणजे… खिडकीतून. घर मैदानाले लागूनच हाये ना आमचं, खिडकीतून सांगतलं. पोट्टी काई बाहेर नाई आली. बॉल इकडे अंगणात आला तं परत फेकते, एवढंच. मास्तरची पोट्टी हाये, बॉल फेकाले कळते तिले. तिची माय तिथंच असते, निवडत बसते काई ना काई. जानराव? — उठले काहून? चहा येऊन राह्यला. काठी ठेवा खाली. आयका, फाऊलाचं काय बोलाचं ते मले बोला. तुमच्या दारात येऊन टोपी उतरवतो, मैदानात धरलं म्हणून चार लोकांत हात जोडतो. पण लगनाआधी पोरगा पोट्टीच्या दारी येते, ही गोष्ट गावात नका नेऊ. म्हणतीन, मास्तरच्या घरालेच चालरीत नाई. तिच्या अंगावर येईन ते. तिनं काय केलं? कोपर म्हणली, बाप्पा! कोपर! तुमाले मोडाची असन तं माझ्या नावानं मोडा, तिच्या नावानं नका मोडू. मी पडतो पाया — तुमी वयानं लहान असान, तरी —

काय? …किती टाकते म्हणजे? बॉल? दहातले सात. काल आठ टाकले. समोर मी उभा, सेवादास बोंबलून राह्यला, तरी आठ. — हाव, फाल्गुनात अकोल्याले परत गाठ हाये आमची. — हाव, ज्याले धरून मी जिंकलो, त्यालेच टाकाले शिकवून राह्यलो. आमच्या कॉलेजवाल्यांले कळलं तं मले मैदानातूनच हाकलतीन. हसू नका. हसू नका हो, तुमचा पुतण्या दहातले आठ टाकते याच्यात तुमाले हसाले काय झालं? तवा तुमीच बसा गादीवर, अन् मारा टाळ्या.

बसले? बरं झालं. अवो, चहा आणा, अन् साखर जास्त घाला, इवाई बसले! — नाई नाई, वैशाखच. दुसरा पंधरवडा. तुमी म्हणसान ती तिथ. वऱ्हाडी किती आणता ते सांगून ठेवजा, गाड्या चारच आणजा. — तो येईन सायकलवर? येऊ द्या. पण काकाले सांगून येत जाय म्हणा.

अन् हे काय आता? फाल्गुनात मंग कोणाले धरसान, म्हणता? वा जानराव! आता समजाले लागला तुमाले खेळ. नाई सांगत. मांडव विचारा, सांगतो. पंगत विचारा, सांगतो. हे नाई सांगत. बशीतला चहा आटपा. रिठदची मोटार उभी हाये चौकात, निंगा आता.