मामानं भरलेलं पाणी

चूक मामाची होती, आणि हा माणूस अजून ती कबूल करत नाही. मी आणि सलीम माझी जीप घेऊन हिमाचलात, बर्फात गाडी घालायला निघालो, तर हा न विचारता मागं येऊन बसला. टेंभुर्णीत रेडिएटरचा पाइप गळला. नवा बसवल्यावर मामानं थंडीत न गोठणाऱ्या कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं.

"तीस वर्सं पाण्यावरच चालवतूय की. कूलंट म्हंजे कंपन्यांचं खूळ हाय."

वर बर्फात आम्ही पुढच्या गाडीच्या चाकांच्या ताज्या खुणा धरून चाललो होतो. एका वळणावर त्या संपल्या. गाडी नाही, मागं फिरल्याची खूण नाही, पुढं नुसता कोरा बर्फ.

"इंजिन बंद कर, डिझेल वाचव. येतंय कुनीतरी," मामा म्हणाला. दुपार गेली, कुणी आलं नाही.

सलीमनं हॉर्न दाबला. धुक्यातून तसाच हॉर्न आला.

"पहाड है बे, आवाज पलटता," म्हणत त्यानं हात खिशात घातला.

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी जवळून.

"भाच्या, गाडी मागं घे," मामा हळूच म्हणाला.

चावी फिरवली, इंजिन हललं नाही. बॉनेट उघडलं तर इंजिनाला उभी चीर, आणि चिरेतून बर्फ बाहेर आलेला.

अंधारायच्या आत बर्फ काढणाऱ्या लोकांनी आम्हाला खाली आणलं. पुढच्या गाडीचं विचारलं, तर म्हणाले, आज तुमच्याशिवाय वर कुणीच गेलं नाही.

कॉलेज सोडून मी त्या जीपवर भाडी मारायचो. आता मामाच्याच दुकानात पोती उचलतो.