टायगरच्या जेवणाची हाक

गोंदियाच्या जनावरांच्या दवाखान्यात कुसुमबाई शेळी घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायाशी तपकिरी कुत्रा होता आणि मांडीवर कुत्र्याच्या कागदांची जाडजूड फाईल. एवढं बघून गप्प बसणं कुसुमबाईंना जमण्यासारखं नव्हतं.

"काऊन भाऊ, कुत्र्याले एवढे कागद कायले?"

"टायगर कॅनडाले जाऊन राहिला, बाई. माह्या पोरासंगं, लोकेंद्रसंगं."

"अन् तुमी दोघं नवरा-बायको?"

"टायगरले करमत नाही म्हनते त्याच्याबिगर. आमाले करमते, असं त्यानंच सांगतलं."

"बाकी सामानबी नेते का?"

"गाडीबी न्याची होती. पन तिकडं स्टेरिंग दुसऱ्या बाजूले असते. म्हनून ते राहिली सौंदडले, आमच्यापाशी. आठ दिवसाआड सुरू करजा म्हनते."

"तुमाले येते चालवाले?"

"नाही. सुरू करतो, घडीभर आत बसतो, बंद करतो."

"कुत्रा तरी राहीन का तिकडं?"

"तेच तं. लोकेंद्रच्या मायनं हाक मारल्याबिगर हा जेवनाले तोंड नाही लावत. म्हनून पोरानं तिचा आवाज मोबाईलमंधी भरून घेतला. तिकडं दोन टाईम वाजवीन."

"म्हंजे वहिनीचा आवाज तरी चालला कॅनडाले!"

"पयल्यांदा चुकली ते. टायगर म्हनाच्या जागी सवयीनं म्हने, 'लोकेंद्र, ये बापा, जेवून घे.'"

"मंग?"

"पुसून टाकलं त्यानं. म्हने, कुत्रा गोंधळते."