दाता क्रमांक सतराचा चौथा नमुना

जबाब. शुक्रवार, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.

मी उमाबाई मन्मथ मलशेट्टे, वय ४६ वर्षे, व्यवसाय घरकाम, रा. उदगीर, जि. लातूर, सध्या मुक्काम लातूर येथे दवाखान्यासमोरील भाड्याची खोली. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

आज सकाळी सव्वादहा वाजता डॉ. रविकिरण देशमाने यांनी खात्री करून सांगितले की, गुरुवारचा नमुना माझ्या पतीच्या पोटात गेलेला नाही. प्रयोगशाळेतील तनुजा सोनटक्के यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आधीच बाजूला ठेवला होता. त्या डब्यातील नमुना माझा होता. तो मीच ठेवला होता.

माझे पती मन्मथ, वय ५२, यांचे उदगीरला भुसार मालाचे दुकान आहे. त्यांचे यकृत दारूने खराब झाले आहे. अकरा वर्षे ते घरात पीत होते व मी ते कोणाला कळू दिले नाही. दिरांनाही नाही. गेल्या महिन्यात त्यांचे डोळे व अंग पिवळे पडले, पोटात पाणी झाले, माणसे ओळखू येईनात. पाहुण्यांना आम्ही कावीळ सांगितली.

लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात अशा रुग्णांवर संशोधन चालू आहे. निरोगी माणसाच्या विष्ठेतील चांगले जिवाणू गाळून घेऊन, नाकातल्या नळीने सात दिवस रुग्णाच्या आतड्यात सोडतात. त्याने यकृत सावरते का, हे पाहतात. दाता घरातला असला तर बरे, असे डॉक्टर म्हणाले. सगळ्यांत आधी मी नाव दिले. माझ्या तपासणीत जंताची अंडी निघाली. मला गोळी दिली व दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू असे सांगितले. तेवढ्यात माझी धाकटी जाऊ मंजुश्री शिवकुमार मलशेट्टे, वय ३४, हिची तपासणी चांगली आली. तिला दाता क्रमांक सतरा दिला. मी फेरतपासणीचे विचारायला गेले तेव्हा खिडकीवरील बाई म्हणाल्या, "आता गरज न्हाई मावशी. दाता मिळाला की."

सोमवारपासून मंजुश्री रोज सकाळी सहा वाजता खोलीवर नमुना देत असे. डब्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवणे, डबा बर्फाच्या पेटीत ठेवणे व साडेसातच्या आत प्रयोगशाळेत पोचवणे हे काम माझ्याकडे होते, कारण ती त्या वेळी लिंगपूजेला बसते. तीन दिवस मी ते नीट केले.

बुधवारी दुपारी पतींनी नीट डोळे उघडले व सगळ्यांना ओळखले. दीर शिवकुमार यांनी त्यांना औषध कशाचे व कोणाचे ते सांगितले आणि हसून म्हणाले, "दादा, आता तुम्ही निम्मे आमच्या घरचे झालात बघा." मंजुश्री म्हणाली, "मग काय ओ! भाऊजींना आता माझ्यासारखं गोड लागतंय का बघू." पती म्हणाले, "हुग्गी खावं वाटायलंय." हुग्गी म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर; त्यांना गोड आवडत नाही. सत्तावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे हुग्गी मागितलेली नाही. नंतर ते म्हणाले, "मंजुश्रीनं चहा घेतला का? आधी तिला द्या." तो चहा खोलीवरून मी करून आणला होता. शेजारच्या खाटेवरील रुग्णाची बहीण मला म्हणाली, "नशीब काढलंत ओ. अशी जाऊ लई कमी जणींला मिळती." मी हो म्हणाले.

गुरुवारी सकाळी सहा वाजता मंजुश्रीने डबा माझ्या हातात दिला. "अक्का, चिठ्ठी तेवढी चिकटवा," असे म्हणून ती पूजेला बसली. मी तो डबा संडासात रिकामा केला. माझ्या तपासणीच्या वेळचा एक कोरा डबा पिशवीत शिल्लक होता. त्यात माझा नमुना घेतला व त्यावर सतरा क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली. तेव्हा सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. गोळी घेऊन अकरा दिवस झाले होते, म्हणून जंत गेले असतील असे मला वाटले. पतीला इजा करण्याचा उद्देश नव्हता. मग उद्देश काय होता, असे विचारल्यावरून सांगते की, त्यांच्या पोटात कोणाचे काही जाणारच असेल तर ते माझे जावे.

साडेनऊ वाजता नमुन्यात अंडी दिसली. डॉक्टरांनी मंजुश्रीला बोलावून, नमुना तिचाच आहे का, असे विचारले. दीर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "काय केलीस बोल की!" ती रडत म्हणाली, "देवाशपथ माझाच हाय ओ. दुसऱ्या कुणाचा असंल? अक्का, तुम्ही सांगा की." मी बर्फाची पेटी पुसायला घेतली. त्या दिवशी दुपारी मी पोटभर जेवले.

आज सकाळी नऊ वाजता डॉक्टरांनी सांगितले की, दाता सतरा रद्द करावा लागेल. दुसरा दाता शोधायला दहा दिवस लागतील व तेवढा वेळ पतींकडे नाही. मी खाटेजवळ गेले तेव्हा पती पुन्हा गुंगीत होते. त्यांनी मला, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" असे विचारले. त्यानंतर मी जिन्यात डॉक्टरांना गाठून खरे सांगितले. मंजुश्री व दीर मागे उभे होते. मंजुश्री म्हणाली, "एवढंच होतं तर मला म्हणायचं अक्का. मी नाव काढून घेतलं असतं." मी म्हणाले, "मग ह्यांचं काय झालं असतं?" ती म्हणाली, "तेच की." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

दवाखान्याच्या समितीची बैठक उद्या शनिवारी सकाळी अकरा वाजता आहे. परवानगी मिळाली तर राहिलेले चार डोस रविवारपासून मंजुश्रीच्याच नमुन्याचे दिले जातील. डबा नर्स नेणार आहे. पती सही करण्याच्या स्थितीत नसल्याने नव्या संमतीपत्रावर पत्नी म्हणून माझी सही लागणार आहे. त्यात दात्याचे नाव मी स्वतःच्या हाताने लिहावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तो कागद माझ्याजवळ आहे. नाव अजून लिहिलेले नाही. अकराच्या आत लिहून द्यायचे आहे.

हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिलेला आहे. त्याखाली सही करत आहे.

उमाबाई मन्मथ मलशेट्टे